उभ्या गाडीतली चोरी

चोर ओळखण्यात माझा हातखंडा होता. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे, प्रगतिपुस्तकावरची बापाची सही कोणी स्वतःच ठोकली आहे, प्रयोगशाळेतली तांब्याची तार कोणाच्या दप्तरात गेली, हे मला वर्गात पाऊल टाकल्याबरोबर कळायचं. निदान मी तसं म्हणायचे, आणि माझ्या तोंडावर नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर हुद्दा जातो, खोड जात नाही. घरात बसून मला चोर मिळेनासा झाला होता. मग आमच्या जीपची बॅटरी उतरायला लागली.

आम्ही गोंडपिपरीला राहतो. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि चंद्रपूरला डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठची मशीन. उशिरा पोचलं की ती मशीन दुसऱ्याला मिळते आणि आपण संध्याकाळपर्यंत बाकावर बसतो. शनिवार-रविवार दोन दिवस मशीन नसल्यामुळे सोमवारी सकाळी त्याचे पाय टम्म सुजलेले असत आणि आडवं पडलं की धाप लागे. त्याच्यासाठी सोमवार म्हणजे जिवाचा प्रश्न होता. पहिले काही महिने आम्ही बसने केले. मग जुनी जीप घेतली आणि तिच्यावर ड्रायव्हर ठेवला.

पन्नाशीचा माणूस होता. आधी ट्रॅक्टर चालवायचा, मग तेंदूपानाचा ट्रक. गोंडपिपरीहून आत, जंगलाला लागून त्याचं गाव. आमच्याच समाजाचा, बौद्ध. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला बाई म्हणायचा आणि नवऱ्याला साहेब. गाडीत चढताना साहेबांचा पाय तो हाताने उचलून आत ठेवायचा. मी कधी ठेवला नाही, मला वाकता येत नव्हतं.

शनिवारी दुपारी तो जीप घेऊन गावी जायचा आणि सोमवारी सकाळी सहाला आमच्या दारात हजर. त्याच्या गावातून पहिली बस आठला निघते, त्यामुळे गाडी नेल्याशिवाय त्याला वेळेवर येणं शक्य नव्हतं. ही व्यवस्था नवऱ्याने लावून दिली होती. मला ती पहिल्या दिवसापासून खुपत होती. आपली गाडी दोन दिवस दुसऱ्याच्या दारात उभी राहते म्हणजे काय? अशातच एकीने मला सांगितलं की रविवारी तुमची जीप माणसं भरून जाताना दिसली. कोण माणसं, कुठे चालली होती, हे मी तिला विचारलं नाही. ड्रायव्हरलाही विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो, असा माझा अनुभव.

चंद्रपूरला सीट कव्हरच्या दुकानात गाडीचा ठावठिकाणा सांगणारी डबी बसवून मिळते, असं मी ऐकलं होतं. एका शुक्रवारी नवरा मशीनवर होता तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, सीट कव्हर बदलायचे आहेत. गाडी दुकानासमोर लावून घेतली आणि त्याला साहेबांजवळ बसायला पाठवून दिलं. दुकानदाराने काडेपेटीएवढी काळी डबी डॅशबोर्डच्या मागे, आत हात जाणार नाही अशा जागी चिकटवली आणि तिची तार थेट बॅटरीला जोडली.

"फ्यूजमधून नाई घेतलं मॅडम. चावी काढली तरी चालू राह्यते, ड्रायव्हरनं फ्यूज काढला तरी चालू राह्यते. गाडी कुठी आहे ते सॅटेलाइटवरून तुमच्या फोनवर दिसंल. ऑफलाइन दाखवलं तर समजा, कोणी बॅटरीचा तार काढला."

मी खूश झाले. परत येताना ड्रायव्हरने नव्या कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे बरं केलं जी बाई. साहेबांच्या पाठीले आराम पडंल." मी हो म्हटलं.

पुढचे दोन शनिवार-रविवार नवऱ्याला बरं नव्हतं म्हणून तो गावी न जाता आमच्याकडेच राहिला आणि काही घडलं नाही. तिसऱ्या सोमवारी तो सहाऐवजी नऊला आला. बॅटरी उतरली होती, गावच्या लोकांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. फोन करता आला नाही, कारण त्याच्या गावात टॉवरच नाही, हे मला माहीत होतं. बॅटरी जुनी होती, म्हणून मी नवी घेतली. पुढच्या सोमवारी नवीसुद्धा उतरली. त्या दिवसापासून तो गावात गाडी तलावाच्या पाळीवर, उताराला तोंड करून उभी करू लागला. म्हणजे उतरलीच तर चार जणांनी रेटलं की सुरू होईल. त्याने हे मला अभिमानाने सांगितलं. माझ्या मनात आलं, हा आजाराची सोय करतोय, आजार बरा करत नाही.

कारण माझ्या फोनवर मला दुसरंच दिसत होतं. शनिवारी दुपारी गाडीचा हिरवा ठिपका गोंडपिपरीतून निघायचा, आतल्या रस्त्याला लागायचा, त्याच्या गावाअलीकडच्या नाल्याच्या पुलाजवळ जायचा आणि तिथे करडा व्हायचा. खाली लिहून यायचं, ऑफलाइन. सोमवारी सकाळी त्याच पुलाजवळ ठिपका पुन्हा हिरवा. म्हणजे शनिवारी बॅटरी निघते आणि सोमवारी परत बसते. मला आणखी काय हवं होतं? बाहीतली चिठ्ठी मला दिसली होती.

आमच्या भागात गाडीची बॅटरी काढून नेतात ती बहुधा एकाच कामासाठी. नाल्याच्या डोहात करंट सोडायचा आणि पोट वर करून तरंगणाऱ्या मासोळ्या टोपलीत भरायच्या. शाळेत असताना मी पालकांच्या सभेत या प्रकारावरून कितीतरी बापांना झापलं आहे. आणि आमच्या या ड्रायव्हरने मागे एका सोमवारी साहेबांसाठी पळसाच्या पानात बांधून ताज्या मासोळ्या आणल्या होत्या. आम्ही त्या चवीने खाल्ल्या होत्या. आता त्या मासोळ्या मला पुरावा म्हणून आठवल्या.

तरी मी रीत सोडली नाही. बुधवारी नवऱ्याला मशीनवर लावून आम्ही गाडी चंद्रपूरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी इंजिन चालू ठेवून मीटर लावला.

"डायनामो चौदा व्होल्ट देऊन राह्यला, एकदम ठीक. बॅटरी नवीच आहे. आता उभ्या गाडीत कोणी करंट खाऊन राह्यलं का ते पाहू."

इंजिन बंद केलं, दारं लावली, बॅटरीची एक तार सोडवली आणि मधे मीटर जोडला. गाडी बंद असताना जो काही करंट जाईल तो आता या मीटरमधून जाणार होता. सर्किट कसं पुरं होतं ते मी आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवलेलं, त्यामुळे मी चाचांच्या आधीच काटा कुठे येईल ते सांगत होते. काटा जेमतेम हलला. घड्याळाला लागतो तेवढा करंट. चाचांनी एकेक फ्यूज काढून पाहिला. काही सापडलं नाही.

चाचांनी हात पुसत विचारलं, "बाई, गाडीत नवीन काही बसवलं का? टेप, लाइट, काही?"

ड्रायव्हर माझ्या शेजारी उभा होता. तोही माझ्याकडे पाहत होता.

"नाही," मी म्हणाले. "सीट कव्हर तेवढे."

"मग गाडीत काही नाई. गाडी जिथी उभी राह्यते तिथी पाहा."

ते वाक्य मी पदरात बांधून घेतलं. ड्रायव्हर परतीच्या वाटेवर म्हणाला, "बाई, तुमी एक डाव चला माह्या गावाले. शनवारी चला, रविवारी राहा. डोळ्यानं पाहा काय होते ते. माह्या घरचीले बरं वाटंल." मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, मी आल्यावर तू बॅटरी कशाला काढशील?

त्यानंतरच्या सोमवारी पाऊस होता. सात वाजले, आठ वाजले. नवरा उशीला टेकून बसला होता आणि त्याच्या छातीतून घरघर येत होती. शेजारच्या दोघी येऊन बसल्या, माझ्याबरोबर विहारात वंदनेला येणाऱ्या. दुसरी गाडी मिळते का म्हणून मी सगळीकडे फोन केले. मिळाली नाही. मी दर पाच मिनिटांनी ठिपका पाहत होते. तो करडा होता.

साडेदहाला जीप आली. ड्रायव्हर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला होता. पाळीवरचा चिखल, चाकं रुतली, रेटून सुरू झाली नाही, शेवटी कोणाचा तरी ट्रॅक्टर आणून बॅटरी जोडली, असं तो सांगत होता. मी त्याला पायरीवरच थांबवलं. आधी नवऱ्याला गाडीत घालायचं सोडून मी त्याला थांबवलं, हे इथे लिहून ठेवते.

"बॅटरी कुठे होती दोन दिवस?" मी विचारलं.

"गाडीतच होती जी."

"खोटं बोलू नकोस."

मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं.

"बाई, म्या बॅटरीले हात नाई लावलो. कायले लावीन?"

"मासोळ्यांसाठी. डोहात करंट सोडायला. ते पानात बांधून आणलेस ते मासे कुठून आले होते?"

"ते माह्या साळ्यानं जाळं टाकून..."

"माझ्याजवळ पुरावा आहे," मी म्हणाले. पण कसला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती डबी त्याने पाहिली असती, कदाचित चाचांनी पाहिली असती, कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण पुरावा दाखवायचा नसतो, चोराला आपोआप फुटू द्यायचं असतं. शाळेत मी असंच करायचे.

तो फुटला नाही. नुसता उभा राहिला. त्याचं ते उभं राहणं मला सहन झालं नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्ती आहे. मी तिच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "इथे ये. दुसरं शील म्हण."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पंचशील लहानपणापासून तोंडपाठ असतं. लग्नात म्हणतात, मयतीत म्हणतात, घर बांधलं तरी म्हणतात. दुसरं शील चोरी न करण्याचं आहे, चौथं खोटं न बोलण्याचं. पंचशील कोणी कोणाला म्हणायला लावत नाही. ते आपण होऊन घ्यायचं असतं. मी पन्नास वर्षांच्या माणसाला ते शिक्षा म्हणून म्हणायला लावलं, पहिलीतल्या पोराला पाढे म्हणायला लावतात तसं, दोन शेजारणींसमोर आणि धापा टाकणाऱ्या नवऱ्यासमोर.

त्याने चपला काढल्या. चिखलाचे पाय फरशीवर नको म्हणून उंबऱ्याबाहेरच हात जोडले. आणि दुसरं एकटं म्हटलं नाही. पहिल्यापासून सुरू केलं आणि पाचही म्हटली, सावकाश, विहारात म्हणतात तशी. शेजारणींपैकी एकीने नकळत हात जोडले. त्याचा आवाज जराही हलला नाही, आणि म्हणूनच मी पेटले.

"बस्स झालं," मी म्हणाले. "आजपासून ते दुसरं शील तुझ्या तोंडून निघता कामा नये. तुला तो अधिकार नाही. चावी ठेव आणि जा."

नवरा उशीवरून म्हणाला, "अगं, काय करतेस?" त्याच्या आवाजात तेवढाच दम होता.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, साहेबांले चंदरपूरले सोडून देतो, मग जातो." आणि त्याने नवऱ्याला उचलून गाडीत बसवलं, पाय हाताने आत ठेवला, चंद्रपूरला नेलं, बाकावर संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसला, रात्री परत आणून सोडलं आणि चावी खिडकीत ठेवून पायी निघून गेला. त्या वेळी त्याच्या गावाकडे बस नव्हती.

मी नवा ड्रायव्हर ठेवला. गाडी आता शनिवार-रविवार आमच्याच अंगणात उभी राहू लागली आणि बॅटरी एकदाही उतरली नाही. ठिपका दिवसरात्र हिरवा. मी नवऱ्याला म्हणाले, आता बोला. तो म्हणाला, तरी तो चोर नव्हता. मी म्हणाले, मग आता काऊन उतरत नाही? विहारात एका रविवारी बायकांना मी शीलाचा अर्थ समजावून सांगितला आणि उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, त्या दोघी शेजारणी पुढच्याच रांगेत होत्या.

हिवाळ्यात माझ्या बहिणीच्या घरी लग्न निघालं. तिचं गाव गडचिरोलीच्याही पुढे, जंगलात. शुक्रवारचं डायलिसिस आटोपून शनिवारी निघायचं आणि सोमवारी पहाटे परस्पर चंद्रपूरला यायचं असं ठरलं. नवऱ्याची फार इच्छा होती, डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. गाडी बहिणीच्या अंगणात, आम्ही झोपलो त्या खोलीच्या खिडकीसमोर उभी होती. चावी माझ्या उशाला होती. बोनेट कोणी उघडलं असतं तर मला आवाज आला असता.

सोमवारी पहाटे नव्या ड्रायव्हरने चावी फिरवली. टक् झालं आणि पुढे काही नाही.

मी अंगणात उभी होते. खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो हाच, की नवा ड्रायव्हरही चोर आहे.

बहिणीच्या गावात धानाची राइस मिल आहे. तिथल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावून आणलं. त्याच्याकडे चाचांसारखा मीटर नव्हता, दोन तारा जोडलेला एक छोटा बल्ब होता. त्याने ट्रॅक्टरची बॅटरी आणून गाडीला लावली, एक तार सोडवली आणि मधे आपला बल्ब जोडला. गाडी पूर्ण बंद असताना बल्ब लागायला नको. तो लागला. मिणमिणता लागला, मग एकदम जोरात, मग पुन्हा मिणमिणता.

"कोणी तरी खाऊन राह्यलं," तो म्हणाला आणि एकेक करून सगळे फ्यूज काढले. बल्ब तसाच. शेवटी त्याने बॅटरीच्या तारा बोटांनी चाचपल्या आणि त्यातली एक बारीक काळी तार वर उचलली. "बाई, हे कंपनीचं नाई. हे कोणी बसवलं?"

मी फोन काढला. ठिपका करडा होता. शनिवारी दुपारी, बहिणीच्या गावाअलीकडच्या वळणावर तो करडा झाला होता. फोनच्या कोपऱ्यात टॉवरची एकही काडी नव्हती.

"ते गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र आहे," मी म्हणाले.

त्याने तार ओढून काढली. बल्ब विझला. "याच्यात सिमकार्ड असते जी," तो म्हणाला. "टॉवर असला का ते झोपून राह्यते. टॉवर नसला का दिवसरात्र टॉवर शोधत बसते. दोन दिवसात बॅटरी पिऊन टाकते. इथी जंगलात कायले लावता हे?"

मी विज्ञान शिकवलं होतं. जुन्या ड्रायव्हरच्या गावात फोन लागत नाही हे मला माहीत होतं. डबीला गाडीची जागा सॅटेलाइटवरून कळली तरी ती मला सांगणार फोनच्या टॉवरवरूनच, एवढं पुढचं पाऊल मी टाकलं नाही. आणि चाचांनी विचारलं तेव्हा एक खरं वाक्य बोलले असते तर त्यांनी मला ते दोन मिनिटांत समजावलं असतं.

इथे लोक म्हणतील, बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. तसं झालं नाही. मला राग आला, त्या ड्रायव्हरचा. तो निर्दोष असल्याचा राग आला. त्याने आरडाओरडा केला असता, शिव्या दिल्या असत्या, एखादी वस्तू फोडली असती, तर मला आता काही तरी धरायला मिळालं असतं. त्याने माझ्या नवऱ्याचा पाय उचलून गाडीत ठेवला होता आणि पायी घरी गेला होता. मला धरायला काही नव्हतं.

नवऱ्याने गाडीतून सगळं पाहिलं होतं. चंद्रपूरच्या वाटेवर, ती डबी माझ्या पर्समध्ये असताना, तो एवढंच म्हणाला, "त्याला सांग."

मी जुन्या ड्रायव्हरच्या गावी गेले. पहिल्यांदाच गेले. तलावाच्या पाळीवर ती उताराची जागा दिसली, तिथे चाकांचे दोन खोल चर अजून होते. रविवारी जीपमध्ये माणसं भरून कुठे न्यायचा तेही त्याच्या बायकोने मी न विचारता सांगितलं. गावातल्या एका गरोदर बाईला आणि तिच्या घरच्यांना त्याने दवाखान्यात नेलं होतं, साहेबांना विचारूनच. साहेब मला सांगायचं विसरले होते. किंवा मला सांगून उपयोग नाही हे त्यांना कळत होतं.

ड्रायव्हर रोजीने कोणाच्या तरी धानाच्या मळणीवर गेला होता. आला, हातपाय धुतले, मला पाणी दिलं आणि जमिनीवर बसला. मी खाटेवर होते. डबी पर्समध्ये होती. पर्स मांडीवर होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "साहेब तुमची फार आठवण काढतात. झालं गेलं विसरा, भाऊ. परत या."

त्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. तो म्हणाला, "तुमी मोठ्या मनाच्या, बाई. तुमी माफ केलं."

मी नाही म्हटलं नाही. पुन्हा तुम्ही म्हटलं, भाऊ म्हटलं, हेच मोठं देणं दिल्यासारखं मी वागले आणि चहा पिऊन उठले.

नव्या ड्रायव्हरच्या जागी तो परत आला, पण गाडी गावी न्यायला तयार होईना. शनिवारी दुपारी बसने जायचा आणि रविवारी दुपारच्या बसने परत येऊन आमच्या वऱ्हांड्यात झोपायचा, सोमवारी सहाला हजर असावं म्हणून. घरी त्याला एक रात्र मिळायची. आणि शनिवारी निघण्याआधी तो बोनेट उघडायचा, पान्याने दोन्ही तारा सोडवायचा, ती जड बॅटरी छातीशी धरून वऱ्हांड्यात आणायचा आणि माझ्या डोळ्यांसमोर कोपऱ्यात ठेवायचा.

"काऊन काढता, भाऊ?" पहिल्या शनिवारी मी विचारलं.

"असू द्या जी. काही झालं तर माह्यावर नाव नको."

नवरा वऱ्हांड्यातल्या खुर्चीवर असायचा. बॅटरीकडे पाहायचा, मग माझ्याकडे. "सांगितलंस?" म्हणायचा. मी म्हणायचे, सांगते. एकदा मी चिडून म्हटलं की एवढं आहे तर तुम्हीच सांगा. तो म्हणाला, "मी सांगितलं तर साहेब चांगले होते एवढंच त्याला कळेल. तू सांगितलंस तर तो चोर नाही हे कळेल." नंतर नंतर त्याने विचारणं सोडलं. शेजारणी मात्र मला म्हणायच्या, बाई, तुम्ही सुधारला त्याला, शील म्हणायला लावलं ना त्या दिवशी, त्याचा गुण आहे. मी म्हणायचे, हो, थोडं कडक व्हावं लागतं.

नवरा उन्हाळ्यात गेला. मशीनवरच गेला, सोमवारी, वेळेवर पोचून. ड्रायव्हर त्याच्या पायाशी उभा होता.

घरी पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने होणाऱ्या वंदनेला, मंडप घातला होता. खूप माणसं आली. ड्रायव्हर पांढरा सदरा घालून, बायकोला घेऊन आला होता आणि सतरंज्या घालण्यापासून सगळी कामं करत होता. वंदना सुरू झाली तेव्हा तो नेमका माझ्या बाजूला, दोन हातांवर येऊन बसला. भंतेजींनी पंचशील सुरू केलं. ते एक शील म्हणत आणि सगळे त्यांच्यामागून म्हणत. पहिलं शील झालं. ड्रायव्हरचा आवाज मला ओळखू आला, जाड आणि सावकाश, उंबऱ्याबाहेर ऐकला होता तसाच.

दुसऱ्या शीलाला तो आवाज थांबला.

मी मान न वळवता पाहिलं. त्याचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते आणि ओठ घट्ट बंद होते. त्याची बायको त्याच्याकडे न पाहता आपली म्हणत होती. म्हणजे तिला याची सवय झाली होती. मी बंदी घातल्यापासून त्याने ते शील कुठेच म्हटलं नसावं. विहारात नाही, कोणाच्या लग्नात नाही, त्याच्या घरात नाही. इतक्या माणसांच्या आवाजात एक आवाज कमी झालेला कोणाला कळला नाही. तिसऱ्या शीलाला तो पुन्हा म्हणू लागला.

मी त्याच्या दोन हातांवर होते. वाकून कानात सांगितलं असतं तरी झालं असतं. नवऱ्याचा फोटो समोर होता.

मी पाचही म्हटली. चौथंसुद्धा म्हटलं, आणि शाळेची सवय असल्यामुळे माझा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला.